हैतीतली अपहरणं आणि टोळ्यांचा हिंसाचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हैतीची बातमी आपल्याकडे आलीच तर आतल्या पानावर चार ओळींची येते. तुरुंग फुटला, राष्ट्राध्यक्षांचा खून झाला, मिशनऱ्यांना पळवलं. या चार ओळी वाचून तो देशच तसला असावा, असा समज होतो. तो समज चुकीचा आहे आणि तिथल्या माणसांवर अन्याय करणारा आहे. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

हैती नेमकं कुठे आहे?

क्युबाच्या पूर्वेला हिस्पॅनिओला नावाचं बेट आहे. त्याचा पश्चिमेकडचा साधारण एक-तृतीयांश भाग म्हणजे हैती, उरलेलं डॉमिनिकन रिपब्लिक. लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या वर, राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्स. सरकारी कागदांवर फ्रेंच दिसते, पण घरात, बाजारात आणि खंडणीच्या फोनवरही बोलली जाते ती हैतियन क्रेयॉल.

अपहरण कुणाचं होतं? श्रीमंतांचं की परदेशी लोकांचं?

परदेशी माणूस पळवला गेला की जगभर बातमी होते, म्हणून आपल्याला तसं वाटतं. प्रत्यक्षात पळवले जाणारे जवळजवळ सगळे हैतीचेच असतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ मध्ये नोंदवलेल्या अपहरणांची संख्या २,४९० होती. त्यात डॉक्टर होते, शाळेतली मुलं होती, पाद्री होते, बसमधले प्रवासी होते आणि फुटपाथवर भाजी-तळण विकणाऱ्या बायकाही होत्या.

हैतीच्या खेड्यांतून माल उचलून शहरात आणणाऱ्या बायकांना ‘मदान सारा’ म्हणतात. एका पक्ष्याच्या नावावरून हे नाव पडलंय. केळी, कंद, तांदूळ, कोळसा घेऊन त्या ट्रकवर बसून रात्रीचा प्रवास करतात. देशाची अर्धी बाजारपेठ त्यांच्या डोक्यावरच्या ओझ्यावर चालते म्हटलं तरी चालेल. त्यांच्याकडे रोख पैसे असतात आणि राजधानीत यायला रस्ते मोजकेच आहेत. दक्षिणेकडचा रस्ता मार्टिसां वस्तीतून जातो. तो जून २०२१ मध्ये टोळ्यांच्या हातात गेला. उत्तरेकडचा रस्ताही तसाच अडवलेला. नाक्यावर पैसे द्यायचे, पुढच्या नाक्यावर पुन्हा द्यायचे. एवढं देऊनही गाडी उभी करून सगळ्यांना उतरवून नेलं जाऊ शकतं.

श्रीमंतांचं काय? ते चिलखती गाड्या घेतात, रक्षक ठेवतात, डोंगरावरच्या पेतियोंव्हिलमध्ये राहतात, हेलिकॉप्टरने शहराबाहेर पडतात. टॅप-टॅपमध्ये (तिथली रंगीबेरंगी शेअर गाडी) दाटीवाटीने बसणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही. ज्यांच्याकडे कमी आहे त्यांनाच पळवणं सोपं झालंय, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते.

खंडणी कशी ठरते?

हत्यारबंद माणसं गाडी आडवी घालतात. पुष्कळदा त्यांच्या अंगावर पोलिसांचे गणवेश असतात. एप्रिल २०२१ मध्ये ईस्टरच्या तोंडावर राजधानीजवळच्या कारफूरमध्ये एका चर्चमधली प्रार्थना फेसबुकवर थेट दिसत असताना टोळीवाले आत शिरले आणि पाद्र्याला आणि सोबतच्यांना घेऊन गेले.

मग घरी फोन येतो. पहिला आकडा ऐकूनच माणूस खचावा असा असतो, लाख डॉलर, दहा लाख डॉलर. दिवसाला दोन-चार डॉलर कमावणाऱ्या घरात तो आकडा सांगण्यामागे हिशोब असतो. इतकं मागितलं की घरचे मायामी, न्यूयॉर्क, माँट्रियलमधल्या नातेवाइकांना फोन लावणारच. हैतीतली लाखो माणसं परदेशात आहेत आणि ती नेमाने पैसे पाठवतात, हे टोळ्यांना पक्कं ठाऊक असतं. घासाघीस होऊन रक्कम खाली येते. तोवर घरच्यांनी जमीन विकलेली असते, चर्चमध्ये वर्गणी काढलेली असते, व्याजाने पैसे उचललेले असतात. पैसे पोचल्यावरही सुटका होईलच असं नाही. ‘हा पहिला हप्ता होता’ असा निरोप येऊ शकतो. बायकांच्या बाबतीत याहून वाईट घडतं. ओलीस ठेवलेल्या स्त्रियांवरच्या सामूहिक अत्याचारांची संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत वारंवार नोंद आहे. कधीकधी तर पैसे लवकर यावेत म्हणून ते घरच्यांना फोनवर ऐकवलं जातं.

पोलिसांत तक्रार फार थोडे करतात. त्यामुळे वर दिलेला २,४९० हा आकडा कमीत कमी समजावा.

ते १७ मिशनऱ्यांचं प्रकरण काय होतं?

१६ ऑक्टोबर २०२१ रोजी गांतिएजवळच्या एका अनाथालयाला भेट देऊन परतणारी अमेरिकी धार्मिक संस्थेची गाडी ‘४०० मावोझो’ या टोळीने अडवली. १६ अमेरिकन आणि १ कॅनेडियन, त्यांत पाच मुलं, सगळ्यात लहान तर तान्हं बाळ. माणशी १० लाख डॉलर मागितले गेले. पाच जणांना टप्प्याटप्प्याने सोडलं. उरलेले बारा जण डिसेंबरच्या मध्यावर एका रात्री निसटले आणि अंधारात काटेरी झुडपांतून मैलोन् मैल चालत सुटले, असं संस्थेने नंतर सांगितलं.

अपहरणानंतर दोनच दिवसांनी राजधानीत वाहतूकदारांनी असुरक्षिततेविरुद्ध बंद पाळला. तो या मिशनऱ्यांसाठी नव्हता, आधीच पुकारलेला होता, कारण गाडीचालक आणि प्रवासी रोजच पळवले जात होते. जगाला मात्र हैतीतली अपहरणं त्या आठवड्यात कळली.

खंडणीच्या पैशाचं पुढे काय होतं?

याचं उत्तर अमेरिकेतल्या एका खटल्यात मिळतं. ४०० मावोझोचा म्होरक्या जोली जेर्मिन तेव्हा हैतीच्या तुरुंगात होता. तिथूनच तो मोबाईलवर टोळी चालवायचा. खंडणीचे पैसे फ्लोरिडाला पाठवले जात. तिथली त्याची माणसं दुकानात जाऊन, स्वतःसाठी घेतोय असं खोटं लिहून देऊन, रीतसर पावतीवर बंदुका विकत घ्यायची. एके-४७, एआर-१५, अगदी पन्नास कॅलिबरची रायफलसुद्धा. मग कपडे, बूट आणि सरबताच्या बाटल्यांखाली लपवून त्या पिंपांतून जहाजाने हैतीत यायच्या. त्याच बंदुका रोखून पुढची माणसं उचलली जायची. जेर्मिनला जून २०२४ मध्ये अमेरिकेत ३५ वर्षांची शिक्षा झाली.

हैतीत बंदुकांचा कारखाना नाही, गोळ्यांचाही नाही. तिथली जवळपास प्रत्येक बंदूक बाहेरून आलेली आहे आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेतून. तेव्हा ‘हैतीचा अंतर्गत प्रश्न’ हा शब्दप्रयोग मला मान्य नाही.

या टोळ्या आल्या कुठून?

थोडं मागे जावं लागेल. १९५७ मध्ये फ्रान्स्वा दुवालिए हा डॉक्टर सत्तेवर आला. लष्करावर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून त्याने स्वतःचं वेगळं दल उभं केलं. लोकांनी त्याला नाव दिलं ‘तोंतों माकूत’. क्रेयॉल लोककथांमध्ये हट्टी पोरांना गोणीत भरून नेणारा हा म्हातारा असतो, म्हणजे आपला बागुलबुवाच. उचलून नेलेली माणसं परत यायची नाहीत, म्हणून हे नाव. बापानंतर मुलगा जाँ-क्लोद गादीवर आला आणि ७ फेब्रुवारी १९८६ रोजी देश सोडून पळाला. दल विसर्जित झालं, पण राज्य टिकवायला स्वतःची हत्यारबंद माणसं लागतात हा धडा मागे राहिला.

पुढे जाँ-बर्त्रां आरिस्टिड हा झोपडपट्टीत प्रवचन देणारा पाद्री डिसेंबर १९९० मध्ये प्रचंड मतांनी निवडून आला. गरिबांनी डोक्यावर घेतलेला माणूस. लष्कराने त्याला वर्षभरातच हाकललं. १९९४ मध्ये अमेरिकी फौजांच्या आधाराने तो परतला आणि दुसऱ्या वर्षी त्याने लष्करच मोडीत काढलं. त्यामागची भीती समजण्यासारखी होती. पण मग सत्तेच्या बाजूने रस्त्यावर उतरायला वस्त्यांमधल्या हत्यारबंद पोरांचे जथे तयार झाले. त्यांना ‘शिमेर’ म्हणत. २००४ मध्ये आरिस्टिड पुन्हा देशाबाहेर गेला, पोरं आणि बंदुका तिथेच राहिल्या. खंडणीसाठी अपहरणांची पहिली मोठी लाट त्यानंतरची, २००५च्या सुमाराची.

तेव्हापासून व्यवहार ठरून गेला. निवडणूक आली की पुढारी पैसे आणि हत्यारं द्यायचे, टोळी वस्तीची मतं राखायची, विरोधकाला आत येऊ द्यायची नाही, मोर्चा निघाला तर मोडायची. ज्या व्यापाऱ्याला गोदाम राखायचं असेल तोही पैसे द्यायचा. आर्तिबोनीत खोऱ्यातल्या ‘ग्रान ग्रिफ’ टोळीचं मूळ एका खासदाराने आपला मतदारसंघ ताब्यात ठेवायला हत्यारं दिलेल्या तरुणांमध्ये आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी म्हटलंय. त्या माजी खासदारावर अमेरिकेने सप्टेंबर २०२४ मध्ये निर्बंध घातले. माजी राष्ट्राध्यक्ष मिशेल मार्तेली यांच्यावरही कॅनडा आणि अमेरिका या दोघांनी निर्बंध लादले. त्यांनी टोळ्यांना पोसलं असा अमेरिकेचा आरोप आहे.

ला सालीनमध्ये काय झालं होतं?

२०१८ साली हैतीत मोठं जनआंदोलन उभं राहिलं. व्हेनेझुएलाने पेट्रोकॅरिबे योजनेखाली स्वस्तात तेल दिलं होतं आणि त्यातून वाचलेला पैसा लोकांच्या कामाला लागायचा होता. तो गेला कुठे, हा साधा प्रश्न तरुणांनी विचारला. ‘पेट्रोकॅरिबेचे पैसे कुठे आहेत?’ असे फलक घेऊन लोक रस्त्यावर आले. राजधानीतली ला सालीन ही गरीब वस्ती या आंदोलनात पुढे होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये, पुढचा मोर्चा निघण्याच्या काही दिवस आधी, तिथे शिरून किमान ७१ माणसं मारली गेली. या हत्याकांडाबद्दल अमेरिकेने ज्या तिघांवर निर्बंध घातले, त्यांतले दोन सरकारी पदाधिकारी होते. तिसरा जिमी शेरिझिए.

‘बार्बेक्यू’ म्हणतात तो हाच का?

हाच. पूर्वी पोलिसात होता. आई रस्त्यावर तळलेलं चिकन विकायची म्हणून हे नाव पडलं, असं तो सांगतो. लोक वेगळं कारण सांगतात. २०२० मध्ये त्याने ‘जी-९’ नावाने नऊ टोळ्यांची मोट बांधली. तो पत्रकारांशी बोलतो, क्रांतीची भाषा करतो, गरिबांचा कैवारी असल्याचं सांगतो. त्याच्या मुलाखती पाहून भारावून जाऊ नये, कारण ला सालीनमध्ये मेलेली माणसं गरीबच होती.

त्याची ताकद २०२२ मध्ये दिसली. इंधनाचं अनुदान काढून घेण्याची घोषणा झाल्यावर त्याच्या माणसांनी व्हारू हा देशातला मुख्य इंधनसाठा सुमारे दोन महिने अडवून धरला. डिझेल नाही म्हणून रुग्णालयांचे जनरेटर थांबले, पाण्याचे टँकर थांबले, आणि नेमका त्याच वेळी कॉलरा परत आला.

राष्ट्राध्यक्षांचा खून कुणी केला?

७ जुलै २०२१च्या पहाटे जोवेनेल मोईझ यांना त्यांच्या घरात गोळ्या घातल्या. पत्नी जखमी झाली. हल्लेखोरांत बरेचसे कोलंबियाचे माजी सैनिक होते. अमेरिकी अमली पदार्थविरोधी पथक असल्याचं ओरडत ते आत शिरले. घरावरच्या पहारेकऱ्यांपैकी कुणाला साधी जखमही झाली नाही. फ्लोरिडाच्या न्यायालयात काहींना जन्मठेप झाली आहे. १९१५ नंतर पदावर असताना मारले गेलेले ते पहिले राष्ट्राध्यक्ष, आणि त्यांच्या जागी आजवर कुणी निवडून आलेलं नाही. २०१६ नंतर देशात निवडणूकच झालेली नाही. उरलेल्या दहा सिनेटरांची मुदत जानेवारी २०२३ मध्ये संपली, तेव्हा लोकांनी निवडलेला एकही माणूस सत्तेत उरला नाही.

टोळ्या आपसांत लढत होत्या ना? मग एक कशा झाल्या?

जी-९ आणि तिच्या विरोधातली टोळ्यांची मोट जी-पेप यांनी सिते सोलेय या वस्तीत एकमेकांची माणसं वर्षानुवर्षं मारली. मग २०२३ मध्ये ‘विव आन्सान्म’ म्हणजे ‘एकत्र जगू’ अशी युती जाहीर झाली. २९ फेब्रुवारी २०२४ला तिचा अर्थ सगळ्यांना कळला. हंगामी पंतप्रधान आरिएल आँरी परदेशी पथक आणण्याचा करार करायला केनियात गेले होते. त्याच वेळी पोलीस ठाणी, विमानतळ, बंदर असा सगळीकडे एकदम हल्ला झाला. दोन तुरुंग फोडून चार हजारांहून जास्त कैदी बाहेर काढले गेले. विमानतळ बंद पडल्यामुळे पंतप्रधानांना परतताच आलं नाही. ते प्वेर्तो रिकोत अडकले आणि तिथूनच त्यांनी पायउतार होण्याचं कबूल केलं. त्यानंतर नऊ जणांची हंगामी अध्यक्षीय परिषद आली, तिची मुदत ७ फेब्रुवारी २०२६ ठरली. १९८६ मध्ये धाकटा दुवालिए पळाला तोही ७ फेब्रुवारीलाच.

२०२४ मध्ये अपहरणं कमी झाली म्हणतात. परिस्थिती सुधारली का?

नाही. २०२४ मध्ये १,४९४ अपहरणं नोंदली गेली, म्हणजे कमी. पण त्याच वर्षी किमान ५,६०१ माणसं मारली गेली, आदल्या वर्षापेक्षा हजारभर जास्त. राजधानीचा ८५ ते ९० टक्के भाग टोळ्यांच्या ताब्यात गेला. माझ्या मते कारण उघड आहे. रस्ता, बंदर, बाजार सगळंच हातात आल्यावर रोजचा हप्ता मिळतो, एकेकाला पळवून ठेवायची गरज कमी होते. शिवाय पळवण्याजोगी माणसंच शहर सोडून गेली.

वार्फ जेरेमीचं हत्याकांड म्हणजे काय? व्हूडूशी त्याचा संबंध होता का?

डिसेंबर २०२४ मध्ये सिते सोलेयमधल्या वार्फ जेरेमी या वस्तीत तिथल्या टोळीच्या म्होरक्याचा मुलगा आजारी पडला. म्हाताऱ्यांनी मुलावर करणी केली, असं म्होरक्याच्या डोक्यात बसलं. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीनुसार किमान २०७ माणसं मारली गेली, बहुतेक वयस्कर. घराघरांतून, प्रार्थनास्थळातून ओढून काढलेली. प्रेतं जाळली किंवा समुद्रात टाकली.

यावरून व्हूडूला दोष देऊ नये. व्हूडू हा तिथला जुना धर्म आहे, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांनी जपलेला. मारले गेलेल्यांत तो पाळणारेच होते.

पोलीस आणि परदेशी पथकं काय करतात?

हैतीचे पोलीस संख्येने कमी आहेत, आणि हत्यारांत टोळ्या वरचढ. संयुक्त राष्ट्रांच्या परवानगीने केनियाचं पथक २५ जून २०२४ला उतरलं. अडीच हजार माणसं यायची होती, हजाराच्या आसपासच आली. ३० सप्टेंबर २०२५ला सुरक्षा परिषदेने त्याच्या जागी ५,५५० जणांचं नवं दल मंजूर केलं.

लोकांच्या मनात परदेशी सैनिकांविषयी धाकधूक आहे आणि ती रास्त आहे. २००४ ते २०१७ या काळात संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना तिथे होती, तिच्यात भारताच्या पोलीस तुकड्याही होत्या. २०१०च्या भूकंपानंतर काही महिन्यांनी नेपाळी तुकडीच्या तळावरचं सांडपाणी नदीत गेलं आणि कॉलरा पसरला. जवळपास दहा हजार माणसं त्यात गेली. आपला त्यात वाटा होता हे मान्य करायला संयुक्त राष्ट्रांना २०१६ उजाडावं लागलं.

२०२५ मध्ये सरकारने स्फोटकं भरलेले ड्रोन वापरायला सुरुवात केली. सप्टेंबरमध्ये सिते सोलेयमध्ये अशा एका हल्ल्यात किमान आठ मुलं मारली गेली.

लोक स्वतः काहीच करत नाहीत का?

२४ एप्रिल २०२३ रोजी राजधानीच्या कानापे-व्हेर भागात जमावाने पोलिसांच्या ताब्यातल्या डझनभर संशयितांना मारून जाळलं. तिथून ‘ब्वा काले’ ही लोकांनी स्वतःच टोळीवाल्यांना संपवण्याची मोहीम सुरू झाली. शब्दशः अर्थ, साल काढलेलं लाकूड. गल्लोगल्ली अडथळे उभे राहिले, कोयते निघाले. काही आठवडे अपहरणं जवळजवळ थांबली. जमावाने मारलेले सगळेच टोळीवाले होते का, हे विचारायला मात्र कुणी थांबलं नाही. मला त्या लोकांचा राग येत नाही. पण ओळखपत्र नाही म्हणून एखाद्या परक्या गल्लीत अडकलेला पोरगाही माझ्या डोळ्यांसमोर येतो. टोळ्यांतली ३० ते ५० टक्के माणसं अल्पवयीन आहेत, असा युनिसेफचा अंदाज आहे. कुणी भुकेपोटी गेलंय, कुणी धाकाने.

दोनशे वर्षांपूर्वीच्या इतिहासाचा आजच्याशी काय संबंध?

पैशाचा संबंध आहे. हैतीतल्या गुलामांनी नेपोलियनच्या फौजेला हरवून १ जानेवारी १८०४ला स्वातंत्र्य जाहीर केलं. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून, गमावलेल्या मळ्यांची आणि गुलामांची भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक मागितले. पुढे रक्कम ९ कोटींवर आली. ती फेडायला काढलेल्या कर्जांचा शेवट १९४७ मध्ये झाला. म्हणजे सुटका करून घेतलेल्या माणसांनी स्वतःचीच किंमत सव्वाशे वर्षं भरली. याला खंडणीच म्हणतात. त्या पैशात शाळा, रस्ते, न्यायालयं उभी राहिली असती.

तिथे भारतीय आहेत का?

मार्च २०२४ मध्ये ७५ ते ९० भारतीय असल्याचं परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं होतं. पोर्ट-ऑ-प्रिन्समध्ये आपला दूतावास नाही, शेजारच्या सांतो दोमिंगोतून काम चालतं. ‘ऑपरेशन इंद्रावती’मध्ये २१ मार्चला १२ जणांना डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये नेण्यात आलं. कामासाठी किंवा पुढे अमेरिकेला जायचा मार्ग म्हणून कुणी हैतीचं नाव सुचवत असेल, तर जाऊ नका.

घर सोडलेली माणसं कुठे जातात?

२०२५ अखेर चौदा लाखांच्या आसपास माणसं देशातच विस्थापित होती. शाळांच्या वर्गांत, सरकारी कचेऱ्यांत, नातेवाइकांच्या एका खोलीत. काही सीमा ओलांडतात. डॉमिनिकन रिपब्लिकने ऑक्टोबर २०२४ मध्ये आठवड्याला दहा हजार जणांना परत पाठवण्याचं धोरण जाहीर केलं. जाळीच्या ट्रकमधून त्यांना बेलादेरसारख्या सीमेवरच्या गावांत आणून सोडतात, त्यांत गरोदर बायकाही असतात. बेलादेरहून राजधानीचा रस्ता मिरबालेवरून जातो. आणि मिरबाले मार्च २०२५च्या अखेरीस टोळ्यांनी घेतलं.